पाणथळ बुजवा आणि बदल्यात खाडीचा गाळ साफ करून द्या : हा हिशोब पटतो का?

मुळेगावरोड – शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसता वाचून जाणारा माणूस, पण परवापासून डोक्यात एक किडा वळवळतोय म्हणून धागा काढतोय.

माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीकडं पर्यावरणाच्या कामाच्या एका सल्लागार कंपनीत आहे. परवा कॉलवर म्हणाला, मामा सध्या चिखल मोजतोय. तिकडं एकाला गोदामं बांधायचीत, त्यात खाडीकाठची थोडी पाणथळ जमीन जाते. तिकडं १९७२ चा क्लीन वॉटर अ‍ॅक्ट आहे, त्याच्या ४०४ कलमाखाली पाणथळ बुजवायला परवाना लागतो. आधी विचारतात टाळता येतं का, मग कमी करता येतं का, आणि एवढं करून जे जाणारच आहे त्याची भरपाई दुसरीकडं करा म्हणतात. आता भरपाई म्हणजे मला वाटलं नवीन तळं खोदत असतील. तर हा गोदामवाला म्हणतो की शेजारच्या खाडीत जुन्या कारखान्यांचा पन्नास-साठ वर्षांचा विषारी गाळ बसलाय, तो मी स्वतःच्या पैशानं काढून देतो, तेच माझ्या भरपाईत धरा.

ऐकल्यावर पहिल्यांदा वाटलं, वा, बेस्ट की. घाण पण गेली आणि काम पण झालं. मग रात्री झोप येईना. जमीन तर गेलीच ना? आधी दोन होत्या, एक चांगली आणि एक घाणेरडी. आता एकच राहिली, फक्त धुतलेली. हे म्हणजे माझी एक म्हैस विकून टाकायची आणि सांगायचं दुसरीला डॉक्टर दाखवून आणलाय, हिशोब चुकता.

सकाळी इथं सोलापुरात कंबर तलावाला फिरायला जातो तेव्हा हेच डोक्यात. उद्या आपल्याकडं कुणी म्हणाला की तलावाच्या कडेची चार एकर द्या, मी आदिला नदीतला गाळ काढतो, तर आपण काय म्हणायचं? तुमचं मत सांगा.

शेंगाचटणी – शनिवार, रात्री १०:०४

काय करलालाव ओ काका, आपल्याकडं आधी बुजवतेत, मग बांधतेत, मग विकतेत, आणि मग पहिल्या पावसात कळतंय की इथं तळं होतं. भरपाई ग्राऊंड फ्लोअरवाल्याला मिळतीय. पाण्याच्या रूपात.

(रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर नंतर)

पाणकावळा – शनिवार, रात्री १०:३१

म्हशीचं उदाहरण जबरदस्त. पण मी जरा उलट बाजूनं बोलतो.

पक्ष्याला सातबारा कळत नाही, त्याला तळात अळ्या-किडे आहेत का एवढंच कळतं. तळ मेलेला असेल तर शंभर एकर पाणी असूनही उपयोग शून्य. कंबर तलावावर जलपर्णी आली की वरून हिरवंगार दिसतं, लोक फोटो काढतात, आणि खाली ऑक्सिजनची बोंब. बदकं तिथून उठून सरळ हिप्परगा तलावावर जातात. त्यामुळं 'नुसतं धुतलं' असं म्हणून मोडीत काढू नका, धुण्यात पण दम आहे. दहा एकर मेलेला तळ जिवंत होत असेल तर मी दोन एकर द्यायचा विचार तरी करीन.

फक्त एक अट. जी दोन एकर जातायत ती कसली आहेत ते आधी सांगा. उथळ, पावसाळ्यात भरणारी आणि हिवाळ्यात चिखल उघडा पडणारी जागा असेल तर तिची भरपाई खोल पाण्यात होत नाही. चिखलपायटे घोटाभर पाण्यात चरतात, पोहत नाहीत.

सनद – शनिवार, रात्री ११:१५

कायद्यापुरतं सांगतो. मूळ पोस्टमध्ये अमेरिकेचा क्रम बरोबर आलाय: टाळा, कमी करा, मग भरपाई. १९८९ पासून तिकडं धोरण असं की पाणथळीत निव्वळ घट नको. २००८ च्या नियमात भरपाईचे प्रकार व्याख्या करून दिलेत आणि काकांचा जो किडा आहे तो त्या व्याख्येतच सापडतो. जिथं पाणथळ पार संपली होती तिथं परत उभी केली तर क्षेत्र वाढतं. जी आहे पण बिघडलीय ती दुरुस्त केली तर तिचं काम सुधारतं पण क्षेत्र वाढत नाही, असं त्या नियमातच लिहिलंय. गाळ काढणं या दुसऱ्या खान्यात. म्हणजे काका, तुमची एक म्हैस गेली हे अमेरिकन सरकारला पण मान्य आहे. दुसरीचं दूध किती वाढलं यावर मार्क द्यायचे की नाही एवढाच वाद.

आपल्याकडं २०१७ चे पाणथळ नियम आहेत. त्यात पाणथळीचा दुसऱ्या कामासाठी वापर, अतिक्रमण, कचरा टाकणं, न शुद्ध केलेलं सांडपाणी सोडणं याला सरळ मनाई. इतके पैसे भरा नि बुजवा अशी बाजारपेठ नियमात नाही. आता गंमत बघा. त्याच नियमातल्या व्याख्येतून नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेत. हिप्परगा उर्फ एकरुख इंग्रजांनी १८७१ ला सिंचनासाठी बांधला. उजनी १९८० ची, तीही मुख्यतः सिंचनाचीच. म्हणजे आपल्या जिल्ह्यात पक्षी ज्या पाण्यावर येतात त्यातलं बरंचसं या व्याख्येत पाणथळच नाही.

शेंगाचटणी – शनिवार, रात्री ११:२०

फ्लेमिंगोला नोटीस काढा मग. अनधिकृत जागेत उभारलाय, तेही एका पायावर.

पाणकावळा – शनिवार, रात्री ११:२६

@सनद, नांदूर मध्यमेश्वर पण बंधाऱ्यामुळंच तयार झालंय की. २०२० ला राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतलं) म्हणून जाहीर झालं ते.

सनद – शनिवार, रात्री ११:४०

बरोबर. रामसर यादीत गेलं की नियम लागू होतात, ते दार वेगळं. पण तोपर्यंत दारात उभं राहायचं. मनाई आहे असं ऐकून कुणी निवांत झोपू नये एवढंच म्हणायचं होतं.

विकास_पाहिजे – रविवार, सकाळी ७:०५

चार दिवसाआड पाणी येतंय नळाला आणि इथं चिखलावर चर्चासत्र चाललंय. तरुण पोरं पुण्याला पळालेत, इथं उद्योग आणा आधी. दोन एकर दलदल गेली तर काय आभाळ कोसळणार आहे का

बोरामणीची_अक्का – रविवार, सकाळी ७:४८

विकास बाळा, ते चार दिवसाआड येणारं पाणी उजनीचं आहे आणि उजनीत वरनं पुण्याची घाण येते. चिखलाचा आणि तुझ्या नळाचा संबंध आहे रे. चहा झाला का?

विकास_पाहिजे – रविवार, सकाळी ८:१०

झाला अक्का 🙏

गाळपेर – रविवार, सकाळी ९:३०

मी शेतकरी माणूस, गाळ या विषयात माझी पीएचडी समजा. सविस्तर लिहितो, कारण इथं सगळे 'गाळ काढला' म्हणून थांबायलेत, काढलेला गाळ जातो कुठं हे कुणीच विचारेना.

२०१७ ला सरकारची गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना आली. तलावातला गाळ फुकट, वाहतूक आपली. त्या उन्हाळ्यात मी गावाकडच्या पाझर तलावातून ट्रॅक्टरनं गाळ ओढला. माझं रान मुरमाड, दोन बोटं पण ओल धरत नव्हतं. वीतभर गाळ पसरला आणि त्या रब्बीला मालदांडी ज्वारी अशी आली की कडब्याच्या पेंढ्या उचलताना पाठ मोडली. गाळ म्हणजे सोनं हे आमच्याकडं म्हणतात ते खोटं नाही.

दोन वर्षांनी लोभ सुटला. शहराच्या बाजूच्या एका तळ्याचा गाळ निघत होता, नाव घेत नाही. जवळ पडत होतं, डिझेल वाचत होतं. नाला जिथं तळ्यात उतरतो तिथला गाळ मिळाला. पहिल्या खेपेलाच पोरगं म्हणालं अण्णा वास येतोय. काळा कुळकुळीत, वंगणासारखा, हाताला लागला की साबणानं जाईना. त्यात पिशव्या, साडीच्या चिंध्या, इंजेक्शनच्या सुया. मी म्हटलं ऊन खाल्लं की जाईल वास. गेला पण. वाळल्यावर अगदी आपल्या मातीसारखा तपकिरी दिसायला लागला.

पाऊण एकरात टाकला, वांगी लावली. झाडं फूटभर झाली आणि थांबली. पाणी दिलं की वर पांढरी खपली धरायची आणि खाली जमीन दगड. कुळव चालंना. दुसऱ्या वर्षी पण तेच. एका ऑफिसात जाऊन विचारलं तर साहेब म्हणाले गाळ तुम्हीच मागितला होता, अर्जावर सही आहे तुमची. बरोबर आहे, सही होती. आत काय आहे ते तपासून दिलं होतं का हे विचारायचं माझ्या तोंडात आलं नाही तेव्हा, घरी आल्यावर आलं.

तेव्हा त्या गोदामवाल्याला विचारा, काढलेला गाळ कुणाच्या रानात टाकणार?

तळातला_गाळ – रविवार, दुपारी १२:२२

गाळपेर, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा. मी रसायनशास्त्र शिकवतो, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

तुमच्या पांढऱ्या खपलीबद्दल आधी. रंगाईत मीठ आणि कॉस्टिक दोन्ही भरपूर लागतात, दोन्हीत सोडियम. शिवाय घराघरातल्या साबण-सोड्याचं पाणी. आपल्या काळ्या मातीत सोडियम वाढला की चिकणमातीचे कण एकमेकांना सोडतात, भेगा आणि भोकं बुजतात, पाणी मुरत नाही, वाळली की दगड. माती परीक्षणात क्षारता आणि विनिमययोग्य सोडियम बघून घ्या. सोडियमच निघाला तर जिप्सम आणि भरपूर चांगलं पाणी हा उपाय आहे. चांगलं पाणी सोलापुरात कुठून आणायचं ते मात्र मला विचारू नका.

आता मूळ प्रश्न. विषारी गाळ साफ करणं म्हणजे झाडू मारणं नव्हे. नाल्याच्या तळात हवा नसते. तिथं सल्फेटपासून सल्फाइड तयार होतं (सडक्या अंड्याचा वास तोच) आणि तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम असे धातू त्याला चिकटून बसतात. एका अर्थानं ते कुलूपबंद असतात. तुम्ही जेसीबी घातला, गाळ ढवळला, वर आणून उन्हात टाकला की हवा लागते, सल्फाइड मोडतं, आणि बसलेले धातू परत पाण्यात मोकळे. म्हणजे वाईट पद्धतीनं केलेली सफाई न केलेल्या सफाईपेक्षा वाईट ठरू शकते.

म्हणून तिकडं आधी नळी घालून तळाचा उभा नमुना काढतात, थरा-थराचं तपासतात, मग ठरवतात. काही ठिकाणी पाण्यात पडदे लावून काढतात. काही ठिकाणी काढतच नाहीत, वर स्वच्छ वाळूचा जाड थर टाकून झाकतात. कधी त्यात सक्रिय कोळसा मिसळतात, तो विष धरून ठेवतो. कधी वरून येणारी घाण बंद करून निसर्गाच्या नव्या गाळाखाली जुना गाडला जाऊ देतात आणि नुसतं मोजत राहतात.

वेळ किती लागतो बघा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला गोवानस कालवा, तळात डांबरासारखा गाळ, लोक त्याला काळं मेयोनीज म्हणतात. सरकारी विषारी जागांच्या यादीत २०१० ला आला, गाळ काढायला प्रत्यक्ष सुरुवात २०२० ला. हडसन नदीत वीजसामानाच्या कारखान्यांतून १९४७ ते १९७७ पीसीबी नावाचं विषारी रसायन गेलं, गाळ काढला २००९ ते २०१५. जपानच्या मिनामाता आखातात पाऱ्याचा गाळ १९७७ ते १९९०, आणि त्यातला बराचसा त्यांनी बाहेर नेलाच नाही, आखाताचाच ५८ हेक्टर भाग भिंत घालून बंद केला आणि त्यात भरून टाकला. म्हणजे पाणी वाचवायला पाणीच बुजवलं. काकांच्या प्रश्नाचं याहून चोख उदाहरण माझ्याकडं नाही.

शेंगाचटणी – रविवार, दुपारी १२:४०

'काळं मेयोनीज'. आज वडापाव नको.

लडीवाला – रविवार, दुपारी ३:१५

रंगाईचा विषय निघाला की बोटं आमच्याकडंच वळतात म्हणून लिहितोय. पूर्व भागात आमचं तीन पिढ्यांचं रंगखातं, आजोबा तेलंगणातून आले. सुताच्या लडी रंगवायच्या, चादरीला, टॉवेलला. लहानपणी मागच्या गटारीचा रंग बघून आम्ही सांगायचो आज कुणाकडं कुठली ऑर्डर आहे. लाल सुटलं तर नॅप्थॉल, निळं तर व्हॅट. टाकी सोडली की पाच मिनिटांत पूर्ण गटार रंगायची. आम्ही कागदाच्या होड्या सोडायचो त्यात. आई ओरडायची, पण पाण्यात हात घातला म्हणून. पाणी का सोडलं म्हणून कोण ओरडणार, त्यावरच घर चाललेलं.

कबूल, सोडलंय आम्ही. पण दोन गोष्टी. एक, नाल्यातलं पाणी बघा, रंगवाल्याचं किती आणि पूर्ण शहराच्या संडास-बाथरूमचं किती. लाल पाणी दिसतं, तुमचं दिसत नाही. दुसरी, त्या चादरी अंगावर घेऊन पूर्ण महाराष्ट्र झोपला. आता पन्नास वर्षांचा गाळ काढायचा खर्च आज जी चार रंगखाती कशीबशी तग धरून आहेत त्यांच्यावर टाकणार का? जे त्यावेळी कमावून गेले ते गेले. म्हणून मला तो अमेरिकन गोदामवाला वाईट वाटत नाही. निदान कुणीतरी पैसे द्यायला तयार आहे. नाहीतर तो गाळ आपल्या नातवापर्यंत तिथंच.

ऐरोलीत_सोलापूरकर – रविवार, सायंकाळी ६:०२

लडीवाला दादा, मन लावून लिहिलंत. पण 'कुणीतरी पैसे देतोय ना' हे वाक्य मी इकडं फार ऐकलंय म्हणून घाबरते.

मी ठाणे खाडीच्या काठी राहते. २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ ला रामसर. खाडीच्या एका बाजूला ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा, त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा गाळ खाली आहेच. प्रकल्पात खारफुटी गेली की भरपाई म्हणून खारफुटीच लावायची पद्धत. ऐकायला बरं वाटतं. पण लावायला मोकळी जागा म्हणून दिसते ती बऱ्याचदा चिखलाची सपाटी, जिथं ओहोटीला पक्षी चरतात. एकाची भरपाई करताना दुसऱ्याचं ताट काढून घ्यायचं. कागदावर हिरवं वाढलं, फाइल बंद.

आणि जे तोडलं जातं ते पहिल्या दिवशी तुटतं. भरपाई 'पाच वर्षांत'. तोवर बिल्डर पण बदललेला आणि साहेब पण.

पाणकावळा – रविवार, सायंकाळी ६:४०

+१००. याचंच आपलं घरचं उदाहरण नान्नज. १९७९ ला माळढोकासाठी अभयारण्य केलं. माळढोकाला लागतं उघडं गवताळ माळरान. पण आपल्या डोक्यात निसर्ग म्हणजे झाड! माळ दिसला की 'ओसाड', मग खड्डे मारून ग्लिरिसिडिया नाहीतर सुबाभूळ लावायची. माळढोक लांबचं बघून जगणारा पक्षी, त्याला झाडाआडचा कोल्हा दिसत नाही. लावणाऱ्याची नियत चांगलीच होती हो. पण माळाला झाड म्हणजे भरपाई नाही, अतिक्रमणच ते.

विकास_पाहिजे – रविवार, रात्री ८:१५

धागा खाडीवरून माळावर गेला, आता हुरड्यावर येऊ द्या

बोरामणीची_अक्का – रविवार, रात्री ८:३०

हुरड्याला अजून वेळ आहे, संक्रांत जवळ येऊ दे. तोवर मी सांगते. सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदला बाराव्या शतकात, लोकांच्या हातून, टोपल्या-टोपल्यांनी. आमच्या लहानपणी गड्ड्याच्या यात्रेला आलो की तलावाच्या पायरीवर बसून पाय सोडायचो, पाय दिसायचे पाण्यात. गेल्या वर्षी नातीला घेऊन गेले, ती म्हणाली आजी पाणी हिरवं का आहे? मी म्हटलं शेवाळ आहे गं. ती म्हणाली मग ते काढत का नाहीत? आता हिला कसं सांगू की काढतात गं, दरवर्षी काढतात.

तळातला_गाळ – रविवार, रात्री ९:१०

अक्का, 'दरवर्षी काढतात' यातच सगळं आलं. येणारं बंद न करता जाणारं काढत बसायचं. जलपर्णीचं पण तेच, ती सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते, ते येतंय तोवर ती येणार.

हाच नियम गाळाला. नाला सुरू ठेवून तळ साफ केला तर त्याला मी तरी भरपाई मानणार नाही. नळ चालू ठेवून फरशी पुसायची आणि पुसल्याचं बिल लावायचं.

थोडं गणित करू. समजा १० मीटर रुंद नाला, २ किलोमीटर लांबी, मीटरभर गाळ. झाला २० हजार घनमीटर. १० घनमीटरचा एक टिपर धरला तर २ हजार खेपा. आणि तो घातक कचऱ्यात मोडला तर कुठेही टाकता येत नाही, खास जागा लागते. आपल्याला त्यातल्या त्यात जवळ रांजणगाव, दोनशे किलोमीटरच्या आसपास. एका खेपेचं डिझेल तुम्हीच धरा. म्हणून मग काय होतं, तपासणीच करायची नाही. तपासलं नाही की तो 'घातक' नसतो, 'सुपीक' असतो, आणि गाळपेर यांच्या रानात जातो.

गाळपेर – रविवार, रात्री ९:२२

हे शेवटचं वाक्य फ्रेम करून त्या साहेबाच्या टेबलावर ठेवतो.

सनद – रविवार, रात्री १०:०५

लडीवाला यांचा मुद्दा राहून जाऊ नये. पैसे कुणी द्यायचे? अमेरिकेत १९८० चा सुपरफंड नावाने ओळखला जाणारा कायदा आहे, त्यात ज्याने घाण केली त्याला, तो सापडला तर, जुनी घाण पण निस्तरायला लावतात. म्हणून भाच्याला एकच प्रश्न विचारा काका. त्या खाडीचा गाळ साफ करायची जबाबदारी आधीपासून कुणाच्या डोक्यावर आहे का? असेल तर ते देणं आहे. देणेकऱ्यानं फेडायचं ते गोदामवाल्यानं फेडलं आणि वर जमीन पण बुजवली, यात समाजाला नवीन काहीच मिळालं नाही, उलट देणेकरी सुटला. आणि जर खरंच कुणीच शिल्लक नसेल, कंपन्या बुडाल्या, मालक मेले, तर मग लडीवाला म्हणतात त्यात तथ्य आहे.

लडीवाला – रविवार, रात्री १०:१८

चला, वकिलानं अर्धी केस तरी दिली आम्हाला.

मुळेगावरोड – पुढचा रविवार, दुपारी १:१०

मंडळी, आठवडाभर गायब होतो. दोन गोष्टी सांगायच्यात.

भाच्याला विचारलं. म्हणाला मामा, हाच प्रश्न आमच्या ऑफिसात चाललाय. खाडीच्या एका टप्प्याची जबाबदारी एका जुन्या कंपनीवर आहे, तो टप्पा भरपाईत धरता येणार नाही असं आमच्याकडून लिहून गेलंय. वरच्या टप्प्याचा धनी कुणी उरलेला नाही, त्याचा विचार होऊ शकतो, पण गाळ काढून वर परत खारगवत लावायचं, भरती-ओहोटीचं पाणी खेळवायचं, आणि पुढं कित्येक वर्षं मोजत राहायचं. आणि तरी एकास एक नाही, बुडणाऱ्या एकरापेक्षा जास्त एकर करून द्यावी लागणार. त्यावर गोदामवाला आता नकाशा बदलायला बसलाय, म्हणे गोदाम जरा अलीकडं सरकवलं तर पाणथळ निम्मीच जाते. हे आधी का नाही सुचलं म्हटलं, तर हसला नुसता.

दुसरी गोष्ट. तळातला_गाळ सर आणि मी मंगळवारी सकाळी आमच्या मागच्या नाल्यात उतरलो होतो. सर हातमोजे, गमबूट सगळं घेऊन आले होते, माझ्या पायात मिसेसच्या भाजीच्या पिशव्या रबर लावून. प्लंबरकडून तीन फुटी पीव्हीसी पाइपाचा तुकडा आणला, तो सरळ तळात दाबला. पहिला हातभर लोण्यात गेल्यासारखा गेला, मग अडला, मग दोघांनी लोंबकळून घातला. वरून तोंड बंद करून ओढला तेव्हा असा 'बुळ्ळुक' आवाज आला आणि जो वास सुटला त्यानं पुलावरचा रिक्षावाला पण पुढं गेला. पाइप उभा चिरून उघडला. वरचा वीतभर काळा, चमकणारा, त्यात केस आणि शांपूच्या पुड्या. त्याखाली करडा. आणि सगळ्यात खाली चार बोटांचा लालसर पट्टा.

मी लगेच लडीवाला यांना फोटो टाकला की हा बघा तुमच्या आजोबांचा नॅप्थॉल.

लडीवाला – पुढचा रविवार, दुपारी १:४५

फोटो बघितला काका. तो आमचा रंग नाही. नॅप्थॉलचा लाल असा विटकरी नसतो, त्यात निळसर झाक असते. उन्हात बघा. तो मुरूम आहे, नाला खोदला तेव्हाचा मूळचा तळ.

तळातला_गाळ – पुढचा रविवार, दुपारी २:२०

लडीवाला बरोबर आहेत, चिमटीत घेतला तर खरखरीत लागतो, मुरूमच. पण सुटलो असं समजू नका. हवा नसलेल्या गाळात रंगाचे अ‍ॅझो बंध (रेणूतली रंग देणारी जोडणी) तुटतात, रंग उडून जातो आणि मागं बिनरंगाची अमाइनं राहतात, त्यातली काही कर्करोगकारक. म्हणजे तो मधला करडा थर, ज्याच्याकडं आपण कुणी बघितलं नाही, तपासायचा तो. बाटलीत भरून लेबल लावून ठेवलाय, एका लॅबशी बोलणं चाललंय.

लडीवाला – पुढचा रविवार, दुपारी २:३१

हे मला माहीत नव्हतं. लॅबचा खर्च किती येईल ते कळवा, निम्मा माझा.

गाळपेर – पुढचा रविवार, दुपारी २:५०

माझ्या रानातली पण एक बाटली घ्या त्यात. येताना वांगी आणीन म्हणलो असतो, पण ती त्याच रानातली.

शेंगाचटणी – पुढचा रविवार, दुपारी ३:०५

वांगी नको, कडक भाकरी आणा. आणि काका, बाटली कुठंय सध्या?

मुळेगावरोड – पुढचा रविवार, दुपारी ३:२०

आमच्या बाल्कनीत. मिसेस म्हणाली उद्यापर्यंत ती गेली नाही तर माझी भरपाई दुसरीकडं करायचा विचार चाललाय.